कोबेवाले अण्णा

अण्णा चौगुल्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्द नव्हता. सुताच्या दुकानात एखादा विणकर आला आणि त्याला हवा तो माल शिल्लक नसला, तर अण्णा मान एका बाजूला कलती करत, दातांतून हळूच हवा आत ओढत आणि म्हणत, "जरा कठीण हाय." विणकर नवा असला तर आशेनं बसून राही. जुना असला तर चपला पायात सरकवून चालू लागे. अण्णांचं 'कठीण' म्हणजे दुसऱ्याचं 'मुळीच नाही', हे त्याला ठाऊक झालेलं असे.

ही सवय त्यांनी जपानातून आणली होती. मुंबईच्या एका कापसाच्या पेढीनं त्यांना तरुणपणी कोबे बंदरात पाठवलं आणि त्यांचं उभं वय तिथंच गेलं. लग्न केलं नाही. एक्केचाळीस सालच्या दिवाळीच्या सुमारास ते सांगलीला परत आले ते एक ट्रंक आणि अंगावरचा काळा कोट घेऊन. त्यांची विधवा बहीण अक्काताई घर सांभाळून होती. खाली दुकान, मागं अक्कांचं स्वयंपाकघर आणि माडीवर आम्ही भाडेकरू. आमचे हे संस्थानच्या कचेरीत कारकून, मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. अक्का मला 'बाई' म्हणत, म्हणून अण्णाही 'बाई'च म्हणू लागले.

पेठेनं त्यांना आठवड्याभरात 'कोबेवाले अण्णा' करून टाकलं. बघायला गंमत वाटावी असं पुष्कळ होतं. ते दिवसभर गादीवर टाचांवर बसत, मांडी कधी घालत नसत. चहात दूध नाही, साखर नाही. पाणी इतकं कढत घेत की न्हाणीतून लालबुंद होऊन बाहेर येत. एकदा त्यांनी चिंचेची एकच वाळकी फांदी आणून पितळी तांब्यात उभी केली आणि तिच्याकडे बघत बसले. अक्का म्हणाल्या, "दादा, ते सरपण हाय का देव हाय? तसं मला सांगा, म्हंजे चुलीत घालायचं का पाया पडायचं ते कळंल." अण्णा हसले आणि फांदी किंचित फिरवून ठेवली.

एक गोष्ट मात्र जपानला बदलता आली नव्हती. अण्णा जैन होते, दिवस मावळायच्या आत जेवत. मासळीशिवाय पाणीही न उकळणाऱ्या त्या मुलखात हा माणूस इतकी वर्षं कसा जगला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी निशिमुरांचं नाव घेतलं. निशिमुरा हे तिथल्या एका सूतगिरणीचे खरेदीदार, अण्णांचे मित्र. त्यांच्या बायकोनं अण्णांसाठी मासळीशिवायचं कालवण शिकून घेतलं होतं. हिवाळ्यात तिकडे सूर्य लवकर बुडतो, तर अण्णा यायचे त्या दिवशी ते सगळं घर दुपार कलायच्या आत जेवायला बसे, शाळेतून आलेली पोरंसुद्धा.  "बाई, परक्यासाठी जेवणाची वेळ बदलणारी माणसं हायत ती," ते म्हणाले.

त्याच डिसेंबरात जपाननं हवाई बेटांतल्या अमेरिकेच्या बंदरावर विमानं घातली. बातमी पेठेत आली तशी माणसं अण्णांच्या दुकानी धावली. कुणी पेढे आणले होते. इंग्रजाच्या दोस्ताचं नाक कापलं गेलं याचा आनंद सगळ्यांनाच होता आणि अण्णा जणू नवऱ्या मुलाकडचे पाहुणे होते. मी शाळेतून येत होते, म्हणून गर्दीच्या कडेला उभी राहिले. अण्णांनी वर्तमानपत्र हातात घेतलं, वाचलं, घडी घातली. पुन्हा उघडून वाचलं. पेढ्याला हात लावला नाही. मग माणसांना नमस्कार करून त्यांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या.

त्या दिवशी सूर्य बुडाला तरी ते पानावर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून ते अक्कांना म्हणाले, "अक्का, निशिमुराचं घर जळणार."

अक्कांना काही उमगेना. मलाही. मी म्हटलं, अण्णा, जिंकलेत तर ते.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आम्हा दोघींना ती गोष्ट सांगितली. जपानच्या जमिनीत तेल नाही म्हणावं इतकंच आहे. त्यांच्या आगबोटी, विमानं, लढाऊ जहाजं चालायची ती बहुतेक अमेरिकेच्या तेलावर. चार वर्षं ते चीनमध्ये लढत होते आणि तेही अमेरिकेचंच तेल जाळून. मग त्यांनी दक्षिणेला फ्रेंचांच्या मुलखात फौजा घातल्या. अमेरिकेनं त्यांचा व्यवहार गोठवला, तेल तोडलं. अण्णांची पेढी त्याच दिवसांत थंड पडली आणि त्यांना परत यावं लागलं. तेल पुन्हा हवं तर चीनमधून बाहेर या, अशी अमेरिकेची अट. ती मानायची नाही, तर डचांच्या जावा-सुमात्रात तेलाच्या विहिरी आहेत, त्या घ्यायच्या. पण त्या वाटेवर एका अंगाला अमेरिकेचं फिलिपाईन्स बसलेलं. विचार करायला वेळ घ्यावा, तर टाक्या रोज आटत चाललेल्या. थांबलो तर वर्ष-दोन वर्षांनी जहाजं नांगरालाच सडतील, मग लढायचंच आहे तर आज लढू, असं त्यांच्या पुढाऱ्यांनी ठरवलं. जर्मनी जिंकतोय असं दिसत होतं. अमेरिकेची माणसं सुखाला सोकावलेली, दोन तडाखे बसले की तहाला येतील, अशीही त्यांची अटकळ.

"येणार न्हाईत?" अक्कांनी विचारलं.

कापसाच्या कामासाठी एकदा निशिमुरा आणि अण्णा अमेरिकेला जाऊन आले होते. तिथं कापूस पिकवणारा शेतकरी स्वतःच्या मोटारीतून रानात जातो, आणि त्या रानाच्या कडेला तेलाच्या विहिरी आपल्याकडे बाभळी असाव्यात तशा उभ्या असतात, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. येताना बोटीवर निशिमुरा कठड्याशी उभे होते. म्हणाले, या देशाशी आमचं कधी भांडण न होवो.

"बघितलेलं विसरणं कठीण हाय," अण्णा म्हणाले, आणि उठून दुकान उघडायला गेले.

पुढं सिंगापूर पडलं. आमच्या सातारा मुलखात घरटी माणूस पलटणीत. माण-खटाव म्हणजे तर कुसळं आणि शिपाई यांचंच पीक. सिंगापूर पडलं त्याबरोबर तिथली शेकडो घरं आंधळी झाली. पोरगा मेला की कैदेत, काही कळेना. जपानात राहून आलेला माणूस सांगलीत आहे ही कुणकुण कुणाला लागली कोण जाणे, पण म्हसवडकडची, वडूजकडची माणसं दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागली. त्यांचा एकच प्रश्न असे: ती माणसं कशी आहेत?

माझं माहेर वडूजचं. वडिलांचा निरोप आला की इकडची म्हातारी माणसं, बायाबापड्या तिकडे येऊ शकत नाहीत, अण्णांना एकदा घेऊन ये. मला वाटलं, अण्णा म्हणणार 'कठीण हाय'. त्यांनी टोपी घातली. पेट्रोल मिळत नसे, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. चढ आला की आम्ही सगळे उतरायचो, अण्णा काळ्या कोटासकट मोटार ढकलायला लागायचे. मोटार बदलत, ढकलत आम्ही वडूजला पोचलो तेव्हा डोळे सोडून आमचं सगळं तोंड काळं झालं होतं.

ज्वारीची मळणी नुकती उरकली होती. आमच्या घरामागच्या खळ्यात माणसं जमली. पुरुष पुढं, बायका कडब्याच्या गंजीला टेकून मागं. अण्णा टाचांवर बसले. थोरात सुभेदार म्हणून एक पेन्शनर होते, मागच्या लढाईत फ्रान्स पाहून आलेले. त्यांनी सुरुवात केली.

"आमी दुनिया बघितलीया, अण्णा. पर ह्यो मेळ लागंना. एवढुसा मुलूख, अन् एकटा इंग्रज पुरंना म्हणून अमेरिकेच्या बी अंगावर गेला. का गेला?"

मला वाटलं अण्णा तेलाचं सांगतील. त्यांनी तेलाचं सांगितलं, पण थोडक्यात. मग ते कोबेच्या स्टेशनाचं सांगू लागले. चीनची लढाई सुरू झाल्यावर त्या स्टेशनात गाडीतून पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या पेट्या उतरायच्या. एकेका पेटीत एकेका पोराची राख. घेणारा बाप, भाऊ ती गळ्यात बांधून छातीशी धरायचा आणि चालू लागायचा. रडायचं नाही, असा तिथला रिवाज. आधी एखाददुसरी यायची, मग रांगा लागल्या. चीन काही संपेना. अमेरिका म्हणाली, चीन सोडा. तेव्हा त्यांचे सेनापती म्हणाले, सोडला तर त्या पेट्यांना काय सांगायचं? एवढी पोरं फुकट मेली म्हणायचं? ते सांगायची छाती एकालाही झाली नाही.

"मेलेल्यांची लाज राखायला त्यांनी जिवंत पोरं पाठवली," अण्णा म्हणाले. "तेलाची गोष्ट त्याच्या मागनं आली."

 मग कडेला बसलेला एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला, "म्हंजे बांधाचा दावा की ह्यो."

हसू आलं नाही कुणाला. वीतभर बांधासाठी कोर्टात जायचं, हरलं की वरच्या कोर्टात जायचं, त्यापायी पहिलं रान विकायचं, मग दुसरं. समेट करा म्हणणाऱ्याला सांगायचं, आता मागं फिरलो तर आजवर घातलेलं पाण्यात गेलं की. खळ्यावरच्या प्रत्येकाच्या भावकीत असा एक तरी दावा होता. साता समुद्रापलीकडच्या प्रधानांच्या मनात काय चाललं होतं ते त्या माणसांना असं लख्ख कळलं. अण्णा त्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणाले, "व्हय. त्योच."

तेवढ्यात बायकांतून एकजण उठून पुढं आली. शेजारच्या वाडीची सरूबाई. नवरा नव्हता, शंकर म्हणून एकुलता एक मुलगा सिंगापुरात होता.

"ते समदं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझा शंकर हाय का न्हाई, तेवढं सांगा."

अण्णांनी मान कलती केली. दातांतून हवा ओढली. मी खाली बघितलं, आता ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. पण ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मान सरळ केली.

"मला म्हाईत न्हाई, बाई."

एवढं बोलून ते थांबले नाहीत. त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. ती माणसं स्वतः शरण जाणं हे मरणापेक्षा वाईट मानतात, म्हणून शरण आलेल्याला ती माणसात धरत नाहीत. पोरगा उपाशी राहील, मार खाईल. पण त्यांना कामाला माणूस लागतं, हात चालतायत तोवर ठेवतील. "सुतक धरू नका," ते म्हणाले, "आणि सुखात हाय असं बी मनाशी धरू नका. दोन्हीच्या मधी बसायचं. लय अवघड जागा हाय ती."

 "हितं जो येतुया त्यो काळजी करू नगं म्हणतुया," सरूबाई म्हणाली. "तुमी बरं केलंसा." आणि जाऊन आपल्या जागी बसली. 

बेचाळीसची चळवळ पेटली तेव्हा भूमिगत पोरं गावोगाव हिंडत होती. एका दुपारी चौघं जण सूत घ्यायला म्हणून दुकानात शिरली. त्यांचा म्होरक्या दिनकर, आमच्याच पेठेतला, मला ओळखीचा. जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या होत्या. दिनकरचं म्हणणं, अण्णांनी चार गावांत येऊन सांगावं की जपान येतोय, इंग्रज पळणार. त्यांच्या शब्दावर गावं उठतील. तेव्हा मी जिन्यात थांबले होते.

अण्णांनी त्यांना पाणी दिलं आणि निशिमुरांच्या थोरल्या भावाची हकिकत सांगितली. हा भाऊ टोकियोत आरमाराच्या कचेरीत होता. लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात तो कोबेला आला, तेव्हा अण्णा तिथं होते. तो म्हणाला होता, बैठकांवर बैठका होतात आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळतं की लढाई लांबली तर आपण संपलो. पण आमच्याच्यानं हे होणार नाही, असं म्हणायचं कुणी? आरमाराला वाटतं लष्करानं म्हणावं. लष्कराला वाटतं आरमारानं म्हणावं. प्रधानाला वाटतं दोघांनी म्हणावं. राजासमोर गेले की सगळे माना खाली घालतात. जो पहिला बोलेल तो भित्रा ठरेल.

"ती माणसं आपल्यासाठी आलेली न्हाईत," अण्णा म्हणाले. "तेलासाठी आलीत. आणि ती हरणार. तुमी जे करताय ते तुमच्या बळावर करा, त्यांची वाट बघू नका."

दिनकरचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "म्हणजे तुम्ही इंग्रजाच्या बाजूचे."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "एका खोलीत सगळे गप्प बसले की काय होतं ते मी बघून आलोय. म्हणून बोललो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या फळ्यांवर डांबर ओतलेलं होतं. अक्का शिव्या घालत रॉकेलनं घासत बसल्या. पुढं पोलीस आले आणि दुकानात कोण कोण आलं होतं म्हणून विचारू लागले. अण्णांनी मान कलती केली. "आठवायला जरा कठीण हाय," ते म्हणाले. पोलिसांनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांना दरवेळी तेच ऐकावं लागलं.

मणिपूरच्या बाजूला मोठी लढाई जुंपली त्या साली आमच्या ह्यांच्या कचेरीमार्फत एक गोरा कॅप्टन अण्णांना शोधत आला. सरकारला जपानी भाषा येणारी माणसं हवी होती. रेडिओवर जपानीत बोलायचं, तुम्ही हरणार आहात, शस्त्रं टाका, असं सांगायचं. पगार मोठा, हुद्दा मोठा. दुभाष्याचं काम ह्यांनी केलं. अण्णांनी 'कठीण हाय' म्हटलं, तर साहेब खुशीत आला, त्याला वाटलं किंमत वाढवतायत. मग तो म्हणाला, तुम्ही स्वतःच गावभर सांगता ना ते हरणार म्हणून, तेच बोला. अण्णा म्हणाले, माझ्या माणसांना मी माझ्या घरात बसून सांगितलं, त्यांच्या माणसांना सांगायचं तर त्यांच्या घरात बसून सांगेन, तुमच्या घरातून नाही.

कॅप्टन माणूस वाईट नव्हता. टोपी उचलून तो निघाला आणि दारात थबकला. पुण्याच्या लष्करी इस्पितळात एक जखमी जपानी पोरगा आणला होता, म्हणाला. अन्न घेत नाही. नळीनं पाजलं तर नळी उपसून टाकतो. मरणार आहे. त्याच्याशी बोलायला कुणी नाही. हे काही काम म्हणून सांगत नाही.

अण्णा आत गेले आणि अक्कांना म्हणाले, स्टोव्ह बांध.

अक्का बरोबर गेल्या, कारण अण्णांना बाहेरचं चालत नसे. ही हकिकत मला त्यांनीच परत आल्यावर गहू निवडता निवडता सांगितली.

"पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलेलं, बाई. नुसती हाडं. मिसरूड बी नीट फुटलं न्हवतं. दादा उशाशी जाऊन बसले अन् आपले बोलायलेत, बोलायलेत. मला काय कळतंय? मागनं विचारलं तर म्हणाले, कोबेच्या गल्लीचं सांगत होतो. कोण काय विकायचं, पाऊस कसा पडायचा. पहिल्या दिवशी ते हललं न्हाई. दुसऱ्या दिवशी मान वळवली. बोललं काय, तर मला गोळी घालायला सांगा. माझ्या घरी मी मेलोय म्हणून कळवलं असंल, आता जिवंत परत गेलो तर आईला तोंड दाखवायला जागा न्हाई."

मग अण्णांनी त्याला आपल्या वडिलांचं सांगितलं. म्हाताऱ्या चौगुल्यांनी सल्लेखना घेतली होती, म्हणजे आयुष्याच्या शेवटाला व्रत घेऊन अन्न सोडलं होतं. अक्का आणि कोबेहून रजेवर आलेले अण्णा, दोघंही तेव्हा त्यांच्या अंथरुणाशी होते.

"दादा त्याला म्हणाले," अक्का सांगत होत्या, "माझ्या बापानं आधी गावातल्या समद्यांची क्षमा मागितली अन् समद्यांना क्षमा केली. मग अन्न सोडलं. कुणावर राग न्हवता, सोतावर बी न्हवता. तू सोतावर रागवून मरायलायस. ह्याला उपास म्हणत न्हाईत पोरा, ह्याला खून म्हणत्यात. अन् तुझ्या मोठ्यांनी साऱ्या देशाला हेच करायला लावलंय."

पोरगं रडलं. रडायचं नाही असा रिवाज असलेलं पोरगं दिवसभर रडलं. अक्कांनी स्टोव्हवर तांदळाची पेज केली, वर मीठ घातलं, आणि स्वतःच्या हातानं भरवली. सोवळ्याच्या बाबतीत अक्का फार कडक. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, जणू मी काही म्हणणार होते. मी काय म्हणणार? मी पदरानं डोळे पुसत होते.

पोरानं आपलं नाव खोटं सांगितलं होतं, घरच्यांना लाज नको म्हणून. गाव मात्र खरं सांगितलं. उत्तरेकडचं, बर्फात बुडणारं, रेशमाचे किडे पाळणारं गाव.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात कोबे जळाल्याची बातमी आली. ऑगस्टात तर एकेका बाँबनं एकेक शहर गेलं आणि लढाई संपली. त्या दिवशीही पेठेतली माणसं दुकानी आली, पण या खेपेस पेढे कुणी आणले नव्हते. निशिमुराचं घर जळणार, हे अण्णांनी उंबऱ्यात बसून म्हटलेलं मला आणि अक्कांना आठवत होतं. बरोबर ठरणं माणसाला इतकं मोडू शकतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. संध्याकाळी दिनकर आला. तुरुंगातून सुटून आला होता, खंगला होता. तो पायरीवर बसला, अण्णा आत बसले, आणि दोघांनी मिळून दिवा लागेपर्यंत रस्ता बघितला.

सरूबाईचा शंकर पुढच्या साली परत आला. दूरच्या कुठल्याशा बेटांवर त्याला नेलं होतं. आईनं त्याला घरात टेकू दिलं आणि बोलण्याइतकी ताकद आल्यावर थेट सांगलीला आणलं. अण्णांनी त्याला मार किती बसला, कामं कुठली, असलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुला त्यांच्यातलं कुणी चांगलं भेटलं का?"

 "येक व्हता," शंकर म्हणाला. "त्येची पाळी असली की त्यो आमच्याकडं पाठ करून हुबा ऱ्हायचा. मग आमी नारळ चोरायचो. त्येला ऐकाय यायचं, तरी वळायचा न्हाई."

"नाव?"

"न्हाई ठावं."

अक्कांनी मग त्या दोघांना पुण्याच्या पोराचं सांगितलं.  पेज भरवल्याचं आलं तेव्हा सरूबाईनं हात पुढं करून अक्कांचा हात धरला, आणि गोष्ट संपेपर्यंत सोडला नाही.

जपानशी व्यापाराची दारं पुन्हा किलकिली झाली तेव्हा अण्णा साठीच्या घरात होते. एक दिवस त्यांनी ट्रंक काढून उन्हात ठेवली. निशिमुरा जिवंत आहेत का बघायचं होतं. आणि एक बर्फातलं गाव शोधायचं होतं. युद्धकैदी एव्हाना परत गेले होते, पण ते पोरगं घरी गेलं, की लाजेनं दुसरीकडेच कुठं तोंड लपवून राहिलं, हे कळायला मार्ग नव्हता. पोरगं जगलंय, हे त्याच्या आईला कुणी तरी सांगायला हवं होतं. अक्का भांडल्या, रडल्या, आणि मग त्यांना वाटेत पुरतील असे दशम्यांचे डबे भरायला बसल्या.

सांगली स्टेशनात आम्ही पोचवायला गेलो. गाडी सुटायला वेळ होता. सरूबाई आणि शंकर तिथं आधीच येऊन बसले होते, मोटारी बदलत वडूजहून. सरूबाईनं पदराआडून एक हिरवा खण आणि नारळ काढला. खणाच्या घडीत तांदूळ होते, हळदीकुंकवाची पुडी होती.

"त्या पोराच्या आईची वटी भरा माझ्याकडनं," ती म्हणाली. "मला जायाला येत न्हाई. तिला म्हणावं, तुजा बी हाय."

विधवेनं ओटी भरायची नसते हा आपला रिवाज तिनं बाजूला ठेवला होता, आणि तिकडे तर बायकांची ओटीच भरत नाहीत हे अण्णांना ठाऊक होतं. ती बाई सापडेल याचा भरवसा नव्हता. सापडली तरी एका परक्या म्हाताऱ्यानं तिच्यापुढं खण धरला तर ती काय समजेल, कोण जाणे. ते यातलं काही बोलले नाहीत. त्यांनी उपरणं दोन्ही हातांवर पसरलं आणि सरूबाईनं त्यात खण, नारळ आणि तांदूळ घातले.

गाडी हलली. खिडकीशी अण्णा बसले होते. ट्रंक त्यांनी पायाशी सरकवली होती, डबे बाकावर होते. ते उपरणं मात्र मांडीवर दोन्ही हातांनी धरलेलं होतं, एखाद्या सवाष्णीनं भरली ओटी धरावी तसं. हात मोकळे नव्हते म्हणून त्यांनी हात हलवला नाही.